ज्याचा पैसा, त्याचाच प्रश्न?

गेल्या काही वर्षांत विद्यापीठांच्या आवारात नव्या पाट्या दिसू लागल्या आहेत. कोठे 'उद्योजकता केंद्र', कोठे 'नवोपक्रम केंद्र', कोठे सरळसरळ 'व्यवसाय संशोधन केंद्र'. उद्घाटनाला मंत्री आणि उद्योगपती शेजारी शेजारी बसतात आणि 'उद्योग व विद्यापीठ यांच्यातील दरी बुजवली पाहिजे' हे वाक्य प्रत्येक भाषणात एकदा तरी येतेच. त्याच आवारात, हाकेच्या अंतरावर, अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विभागात मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर तेथील गाडा ओढीत असतात. या दोन दृश्यांचा परस्परांशी संबंध आहे. तो नीट समजून घेतल्याखेरीज उच्च शिक्षणाविषयीची कोणतीही भूमिका पुरी होणार नाही.

प्रथम धोरणाची दिशा पाहावी. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनासाठी उभे करण्याचा संकल्प त्यावेळी जाहीर झाला. परंतु त्यातील केंद्र सरकारचा वाटा १४ हजार कोटींचा, आणि उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, दानशूर संस्था इत्यादींकडून यावेत अशी अपेक्षा. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर केली. तिचा मुख्य हेतू खासगी क्षेत्रातील संशोधनाला स्वस्त व दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविणे हा आहे. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का होता, हे ध्यानात घेता पैसा वाढावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र पैसा देणारा हात बदलला की संशोधनाचा विषय बदलतो काय, हा प्रश्न या सगळ्या घोषणांत कोणी विचारीत नाही.

कंपनी कायद्याचेच उदाहरण घ्यावे. २०१३ च्या कायद्यातील १३५ व्या कलमान्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. २०१९ साली या कार्यांच्या यादीत सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला दिलेल्या देणग्यांचा समावेश करण्यात आला. पण कोणत्या संशोधनाला? विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक. वेतनाचा, कंत्राटी कामाचा, शेतमालाच्या किमतीचा किंवा विस्थापितांचा अभ्यास या यादीत बसत नाही. नफ्यातून समाजासाठी काढलेला हा पैसा समाजाच्या अभ्यासाला मात्र वर्ज्य, अशी ही व्यवस्था आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्ट हेतू होता असे म्हणण्याची गरज नाही. समाजाचा अभ्यास त्यांना आठवला नाही, एवढेही पुरेसे बोलके आहे.

विद्यापीठात व्यवसायाचे संशोधन करावे ही कल्पना मुळात अमेरिकेतील. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली व्यवसाय प्रशासनाचे विद्यालय काढले आणि १९११ साली तेथे व्यवसाय संशोधनाचे कार्यालय सुरू झाले. त्याचा पहिला विषय कोणता होता? पादत्राणांची किरकोळ दुकाने! दुकानदारांच्या हिशेबाच्या पद्धती एकमेकांशी जुळत नव्हत्या. भाडे, पगार, जाहिरात, शिल्लक माल यांचा विक्रीशी काय मेळ बसतो हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. संशोधकांनी हिशेबाचा एक समान नमुना तयार केला, दुकानादुकानांतून आकडे गोळा केले आणि १९१३ साली पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. हे काम उपयुक्त होते यात शंका नाही. लहान दुकानदाराला आपला खर्च कोठे गळतो हे त्यातून कळू शकत होते. पण आकडे देणारा दुकानदार, प्रश्न विचारणारा दुकानदार आणि उत्तराचा उपयोग करणाराही दुकानदारच. जोडे शिवणाऱ्या कारखान्यातील मजुरासाठी किंवा जोडे विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी या वहीत रकाना नव्हता.

पुढे याच विद्यालयाने प्रत्यक्ष कंपन्यांतील प्रसंग वर्गात मांडून शिकविण्याची पद्धत रूढ केली. ही पद्धत जगभर गेली, भारतातही आली. तिचे गुण आहेत. परंतु प्रत्यक्ष कंपनीत जाऊन तयार केलेला असा प्रसंग-अभ्यास त्या कंपनीची संमती मिळाल्याविना प्रसिद्ध होत नाही, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आरोपीने वाचून सही केल्यावरच निकालपत्र बाहेर पडावे असा नियम न्यायालयाला लावला, तर लोक हसतील. विद्येच्या क्षेत्रात तो शंभर वर्षे निमूटपणे चालू आहे.

याहून बोधप्रद कथा शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्याची आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या या कारखान्यात टेलिफोनची यंत्रसामग्री तयार होत असे. १९२४ पासून तेथे प्रकाशाचा उत्पादनावर काय परिणाम होतो याचे प्रयोग झाले आणि १९२७ पासून एका वेगळ्या खोलीत मूठभर कामगार स्त्रियांना बसवून विश्रांती, कामाचे तास आणि मोबदला यांत फेरफार करून पाहण्यात आले. १९२८ च्या सुमारास हार्वर्डचे एल्टन मेयो या प्रयोगांत आले. रॉकफेलर घराण्याच्या निधीचा त्यांच्या संशोधनाला आधार होता. उत्पादन वाढत गेले. कामगाराकडे आस्थेने लक्ष दिले, त्याला आपण एका गटाचे घटक आहोत असे वाटू लागले, की तो अधिक काम करतो, असा सिद्धान्त त्यातून जन्मला. आजही व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो आढळतो.

पाठ्यपुस्तकांत बहुधा न आढळणारा भाग असा. त्या खोलीतील स्त्रियांचा मोबदला कारखान्याच्या मोठ्या गटाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडण्यात आला होता. म्हणजे अधिक काम केले तर त्याचा पैसा थेट त्यांच्याच हाती पडत होता. शिवाय १९२८ च्या आरंभी पाचांपैकी दोघींना प्रयोगातून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणण्यात आले. त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, अशी तक्रार होती. बोलणाऱ्या बायकांना बाहेर काढायचे आणि मग उरलेल्या किती समाधानी आहेत हे मोजायचे, याला शास्त्रीय प्रयोग म्हणावयाचे काय? १९६७ साली अ‍ॅलेक्स कॅरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने हे पुरावे तपासून या निष्कर्षांवर कठोर टीका केली. परंतु तोवर सिद्धान्ताने जगाची अर्धी प्रदक्षिणा पूर्ण केली होती.

त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. पुढे १९३६ पासून त्यातूनच एक समुपदेशन योजना उभी राहिली आणि ती सुमारे वीस वर्षे चालली. समुपदेशकाने कामगाराचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकावे, त्याला मोकळे होऊ द्यावे. पण वेतन किंवा कामाची स्थिती बदलण्याचा अधिकार त्याला नसावा, अशी योजना होती. गाऱ्हाणे कायम, पण गाऱ्हाणे करणाऱ्याचे मन हलके! संघटना बांधून मागणी करणे हा गाऱ्हाण्याचा स्वाभाविक शेवट असतो. तो शेवट न येऊ देण्याची विद्या येथे तयार झाली, आणि तिला विद्यापीठाच्या नावामुळे तटस्थ शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. कारखानदाराने स्वतः पगारी माणूस ठेवून हेच केले असते, तर कामगारांनी ते एका दिवसात ओळखले असते. विद्यापीठाचे नाव लागले की ओळखायला पन्नास वर्षे लागतात. देणगीदार विद्यापीठाकडून खरोखर विकत घेतो ते हे नाव.

भारतात ही परंपरा स्वातंत्र्यानंतर आली. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे व्यवस्थापनाच्या दोन राष्ट्रीय संस्था निघाल्या. कलकत्त्याला मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेचे आणि अहमदाबादला हार्वर्डचे साहाय्य लाभले, दोहोंच्या मागे फोर्ड प्रतिष्ठानचा पैसा होता. १९६५ साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी राहिली. या संस्थांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहमदाबादच्या संस्थेने आरंभीच शेती व सहकार यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र गट उभारला होता. परंतु नियोजनाच्या काळात सार्वजनिक उपक्रमांना कुशल व्यवस्थापक मिळावेत म्हणून सरकारी तिजोरीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूंतून बाहेर पडणारी पदवीधरांची रांग हळूहळू कोणत्या दिशेने वळली, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

व्यवसायाच्या संशोधनाची दुसरीही एक वाट होती, आणि ती महाराष्ट्रातच, पुण्यात, अमेरिकेकडून धडे घेण्याच्या कितीतरी आधी मळली गेली होती. १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या वतीने गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. संस्थेच्या पहिल्या दशकातील अभ्यासांचे विषय नुसते वाचले तरी पुरे. १९३३ साली पुण्यातील फळबाजाराची पाहणी. १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी. १९४० साली वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी. हेही व्यवसायाचेच संशोधन होते. फळांच्या पेटीमागे दलाल काय घेतो, शेतकऱ्याच्या हाती काय उरते; बसवाल्याला काय परवडते, प्रवाशाला काय पडते; वाईच्या कुणब्याच्या शेताचा जमाखर्च कसा बसतो. आकड्यांची शिस्त हार्वर्डइतकीच कडक होती. पण वहीत दोन्ही बाजूंचे रकाने होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. खासगी मोटारवाहतुकीचा पद्धतशीर अभ्यास त्याआधी तेरा वर्षे पुण्याच्या एका संस्थेने करून ठेवला होता, याचा विसर पडू नये.

गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील गाडगिळांचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच प्रवरेच्या काठी १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहून त्याचे पहिले अध्यक्षपद या अर्थशास्त्रज्ञाने सांभाळले. संशोधक उद्योगाजवळ गेला. पण तो शेतकऱ्यांच्या मालकीच्या उद्योगाजवळ गेला, आणि उघडपणे गेला.

येथे एक आक्षेप येईल. काळे यांची देणगीही खासगीच नव्हती काय? होती. मग फरक कोठे पडला? देणगी संस्थेला मिळाली, प्रश्नाला नव्हे. कोणाला नेमावे, काय अभ्यासावे, काय छापावे हे दात्याने ठरविले नाही. त्याच काळे यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत जानेवारी १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेवर कठोर प्रहार करणारे भाषण केले. दाता आणि विद्या यांच्यामध्ये भिंत असेल तर खासगी पैशातूनही स्वतंत्र विद्या उभी राहते. अलीकडील वर्षांत ही संस्था निराळ्याच कारणांनी वर्तमानपत्रांत गाजली. त्याने मूळ आदर्शाचे मोल कमी होत नाही, उलट अशा भिंतींची सतत डागडुजी करावी लागते हेच दिसते.

भिंत नसली म्हणजे काय होते हे व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठाने दाखविले. ते सार्वजनिक विद्यापीठ आहे. बाजाराच्या मुक्ततेचा पुरस्कार करणारे मर्केटस हे तेथील संशोधन केंद्र कोक या उद्योगपती घराण्याच्या देणग्यांवर वाढले. २०१८ च्या एप्रिलमध्ये जुने देणगी-करार उघड झाले, तेव्हा त्यांपैकी काहींत प्राध्यापकांच्या निवडीत व त्यांच्या कामाच्या मूल्यमापनात देणगीदारांच्या प्रतिनिधींना स्थान दिलेले आढळले. हे करार विद्यापीठीय स्वातंत्र्याच्या कसोटीला उतरत नाहीत, अशी कबुली खुद्द विद्यापीठाच्या अध्यक्षांना द्यावी लागली. करारांची माहिती मिळावी म्हणून विद्यार्थी न्यायालयात गेले होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की देणग्या स्वीकारणारे प्रतिष्ठान ही वेगळी खासगी संस्था असल्याने माहितीच्या कायद्याचे बंधन तिच्यावर नाही. विद्यापीठ लोकांचे, पण त्याचा करार ज्या पेटीत ठेवला ती पेटी खासगी!

ही पेटी आता आपल्याकडेही आली आहे. विद्यापीठाच्या आवारातील अनेक उद्योग-केंद्रे कंपनी कायद्याच्या ८ व्या कलमाखाली 'ना-नफा कंपनी' म्हणून नोंदविली जातात. जागा विद्यापीठाची, वीजपाणी विद्यापीठाचे, नाव तर विद्यापीठाचेच. कारभार मात्र वेगळ्या संचालक मंडळाकडे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अशा कंपनीला लागू होतो की नाही, हा वाद अर्जदारानेच प्रत्येक वेळी लढवायचा. लागू झाला तरी व्यापारी गुप्ततेचे कलम हाताशी असते. सार्वजनिक हित मोठे असल्यास ती माहितीही द्यावी, असे तेच कलम सांगते. पण ते हित सिद्ध करण्याचा भार अखेर सामान्य नागरिकाच्या डोक्यावर पडतो.

खासगी निधीवर विसंबण्याचा आणखी एक परिणाम २०२४ च्या जून महिन्यात मुंबईत दिसला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील शंभरांहून अधिक कंत्राटी अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या, कारण त्यांचे पगार ज्या खासगी न्यासाच्या अनुदानातून होत असत ते अनुदान पुढे चालू राहण्याची शाश्वती उरली नव्हती. दोन दिवसांत न्यासाने निधीचे आश्वासन दिले आणि नोटिसा मागे घेतल्या गेल्या. प्रश्न तात्पुरता सुटला. पण तुळजापुरात दुष्काळी भागाचा अभ्यास करणाऱ्या अध्यापकाची चूल एका पत्रावर विझते आणि दुसऱ्या पत्राने पेटते, हे सत्य त्या दोन दिवसांत सर्वांना दिसले. ज्याची नोकरी अशी टांगणीला आहे तो दात्याला न रुचणारा प्रश्न विचारील, ही अपेक्षा फारच मोठी ठरते. त्याला कोणी धमकावण्याची गरज नसते. तो स्वतःच विषय बदलतो.

न विचारलेल्या प्रश्नांची यादी महाराष्ट्रात लांबलचक होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या शहराचा सारा नकाशा त्या संपाने बदलला. त्या संपाचा सर्वांत तपशीलवार ग्रंथ लिहिला तो व्हान वेर्श या डच संशोधकाने, १९९२ साली. गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे यावर पुढे सल्लागारांचे अहवाल उदंड झाले. कामगारांची दुसरी पिढी कोठे गेली, काय करते, याचा हिशेब मांडण्यासाठी व्यवसाय-केंद्र निघाले नाही. साखरधंद्याचेही तेच. उसाचे वाण, उतारा, यंत्रे यांवर संशोधन करण्यासाठी कारखान्यांनी १९७५ साली स्वतःची संस्था उभारली आणि तिने भरीव काम केले, हे योग्यच झाले. परंतु बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे भयंकर प्रमाण २०१९ साली उजेडात आले ते पत्रकार आणि महिला संघटना यांच्या प्रयत्नांमुळे, आणि मगच शासनाने चौकशी समिती नेमली. एका दिवसाच्या खाड्यासाठी मुकादम जो दंड कापतो तो ऊसधंद्याच्या खर्चाचाच भाग आहे. तो कोणत्याही व्यवसाय-अभ्यासाच्या ताळेबंदात असावयास हवा होता.

या दोषाचा काही वाटा डाव्या चळवळीलाही उचलावा लागेल. व्यवसायाचा अभ्यास म्हणजे भांडवलदारांची विद्या, असे म्हणून तिने हे क्षेत्र सोडून दिले. परिणामी सहकारी कारखाना तोट्यात गेला, सूतगिरणी बंद पडली, एसटीचा संचित तोटा वाढला, की 'खासगीकरणाशिवाय गत्यंतर नाही' असे सांगणारा आकड्यांचा अहवाल समोरच्या बाजूकडे तयार असतो आणि कामगारांच्या बाजूकडे फक्त घोषणा असतात. कंपनीचा ताळेबंद वाचता न येणारा संघटक वेतनकराराच्या टेबलावर अर्धी लढाई आधीच हरलेला असतो. विद्यापीठातील व्यवसाय-संशोधन बंद करा ही मागणी म्हणूनच चुकीची ठरेल. ते कोणासाठी आणि कोणत्या अटींवर चालावे, यासाठी लढले पाहिजे.

अटी अवघड नाहीत. विद्यापीठाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक केंद्राचा देणगी-करार, मग ते केंद्र कंपनी म्हणून नोंदलेले असो वा नसो, सही होण्यापूर्वी अधिसभेपुढे ठेवला जावा आणि जनतेला वाचावयास मिळावा. नेमणूक, विषय आणि प्रसिद्धी या तीन बाबींत दात्याला कसलाही अधिकार असू नये. अशा देणग्यांचा ठरावीक हिस्सा विद्यापीठाच्या सामाईक निधीत जावा आणि तेथून ज्या विषयांना धनको मिळत नाही त्यांना तो मिळावा. केंद्राच्या सल्लागार मंडळावर उद्योगपती असतील, तर कामगार संघटना, शेतकरी आणि ग्राहक यांचे प्रतिनिधीही असावेत. कंपनी कायद्यातील यादीत समाजविज्ञानांचा समावेश व्हावा. आणि या सर्वांच्या आधी, सरकारने रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. कारण स्वतंत्र प्रश्न विचारण्यासाठी प्रथम पायाखाली स्थिर जमीन लागते.

कार्यकर्त्यांना यात प्रत्यक्ष करण्याजोगे पुष्कळ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. पण पदवीधरांची नोंदणी करण्याचे कंटाळवाणे काम चळवळीने बहुधा इतरांवर सोडले आहे. आपल्या जिल्ह्यातील विद्यापीठात अशी केंद्रे किती, ती कोणत्या कायद्याखाली नोंदली आहेत, त्यांचे करार कोणाशी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल. कामगार संघटनांनी आपल्या वर्गणीतून लहानशी का होईना शिष्यवृत्ती ठेवून एखाद्या विद्यार्थ्याकडून आपल्या उद्योगाचा अभ्यास करून घेता येईल, आणि निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तरी तो छापू देता येईल. ही शेवटची तयारी असेल तरच समोरच्याकडे ती मागण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी जोड्यांच्या दुकानात खतावण्या चाळल्या, पुण्याच्या संशोधकांनी फळांच्या बाजारात. दोघांच्याही हाती वही आणि शिसपेन्सिलच होती. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आवारात आज ज्या पाट्या लागत आहेत, त्यांच्या आत कोणती वही उघडली जाणार आहे, हे विचारण्याचा अधिकार त्या विद्यापीठांना कर भरून पोसणाऱ्या प्रत्येकाला आहे. पुढील अधिसभेच्या निवडणुकीपूर्वी तो प्रश्न गावोगावच्या पदवीधरांपर्यंत पोहोचला पाहिजे.